लेखनाचे आसन
(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यान)



श्रीमठाच्या वर्धापनाच्या या मंगल प्रसंगी सद्गुरुचरणी वंदन करून एका साध्या, परंतु दिवसेंदिवस कठीण होत चाललेल्या विषयाचा विचार येथे करावयाचा आहे. तो विषय म्हणजे लेखनातील एकाग्रता. नामस्मरण, श्रवण, पारायण यांविषयी उत्सवांतून पुष्कळ बोलले जाते. लेखन हीही एक उपासना आहे. हातातील यंत्रामुळे तिच्यावर आज जसे संकट आले आहे तसे पूर्वी कधी आले नव्हते, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

अक्षराच्या दृष्टीने आपला हा प्रदेश मोठा भाग्यवान आहे. गोदावरीच्या तीरी बासर येथे श्रीज्ञानसरस्वतीचे पुरातन स्थान आहे. २०१६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन झाले आणि बासर निर्मल जिल्ह्यात गेले. तथापि पेनगंगेपासून गोदावरीपर्यंतची मराठी आणि तेलुगू कुटुंबे आपल्या मुलांना अक्षराभ्यासासाठी तेथेच नेतात. वसंतपंचमीला तर मंदिरात उभे राहावयास जागा नसते. अशा गर्दीत आईवडिलांच्या मांडीवर बसलेले मूल, हात धरून, पहिले अक्षर गिरविते. तेवढ्या क्षणापुरते त्या तिघांचे चित्त एका पाटीवर असते. विद्येचा आरंभ असा एकाग्रतेने व्हावा, हाच त्या संस्काराचा हेतू होय.

बासरची स्थलकथा सर्वांना ठाऊक आहेच. कुरुक्षेत्रातील संहारानंतर उद्विग्न झालेले भगवान व्यास शांत स्थळ शोधीत येथे आले, आणि गोदास्नानानंतर रोज मूठमूठ वाळू आणून त्यांनी देवीमूर्ती साकारल्या, असे परंपरा सांगते. व्यासांचे नाव निघाले की महाभारताच्या लेखनाची कथाही आठवते. ग्रंथ लिहून घेण्यासाठी व्यासांनी श्रीगणेशाला प्रार्थिले. गणेशाने अट घातली की, एकदा आरंभ केल्यावर लेखणी थांबता कामा नये. व्यासांनीही उलट अट घातली की, अर्थ समजल्याशिवाय एकही अक्षर लिहू नये. महाभारताच्या सर्व हस्तलिखितांत ही कथा नाही. म्हणूनच पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत ती मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात दिली आहे. परंतु कथा केव्हाची का असेना, लेखनधर्माचे सारे मर्म तिच्यातील दोन अटींत आले आहे. लेखणी खंडित होऊ नये, आणि न उमजता काही लिहिले जाऊ नये. आजच्या यंत्राने नेमक्या ह्याच दोन अटी मोडावयास लावल्या आहेत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

मन चंचल आहे ही तक्रार आजची नव्हे. अर्जुनाने ती रणांगणावर केली आणि भगवंतांनी अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध अशा पाच भूमी वर्णिल्या आहेत. विक्षिप्त म्हणजे वेडे नव्हे. जे मधूनमधून स्थिर होते आणि पुन्हा ढळते ते चित्त विक्षिप्त. बहुतेक सज्जन माणसांचे मन ह्याच भूमीवर असते. मग नवीन काय घडले?

नवीन घडले ते असे. पूर्वीच्या लेखकाचे मन ढळत असे, पण त्याची लेखणी त्याला हाका मारीत नसे. दौत, बोरू आणि कागद ही मुकी साधने होती. मन बाहेर भटकून परत आले की ती जेथल्या तेथे वाट पाहत असत. आज बहुतेकांचे लेखन ज्या यंत्रावर होते, त्याच यंत्रातून बातमी येते, विनोद येतो, भावंडांचा संदेश येतो, बाजारभाव येतो, आणि न मागितलेली जाहिरातही येते. लेखणी आणि दारावरची घंटा ह्या दोन वस्तू एकच होऊन बसल्या आहेत. जो लिहावयास बसला तो घंटाच हातात धरून बसला.

हे आपोआप झालेले नाही, हेही भाविकांनी ध्यानी घ्यावे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते की, माहिती विपुल झाली म्हणजे ती ज्याचा फडशा पाडते ते माणसाचे अवधान दुर्मीळ होते. दुर्मीळ वस्तूचा बाजार भरतो, तसा अवधानाचाही भरला. २००६ मध्ये अझा रास्किन या तंत्रज्ञाने पडद्यावरील मजकूर कधीच संपू नये अशी रचना तयार केली. पोथीचे पान संपते, अध्याय संपतो. ह्या नव्या पानाला शेवटच नाही. पुढे त्यानेच याविषयी जाहीरपणे खेद व्यक्त केला. २००९ मध्ये ॲपल कंपनीने फोनवर बाहेरून सूचना धाडण्याची सोय सुरू केली आणि इतरांनीही तिचा स्वीकार केला. आपल्या देशात २०१६ पासून इंटरनेट अतिशय स्वस्त झाले, आणि जी हाक शहरातील कचेरीपर्यंत होती ती तांड्यावरील आणि गुड्यातील उंबऱ्यापर्यंत येऊन पोहोचली.

ह्या हाकेचा परिणाम काय होतो, याचे परीक्षण विद्वानांनी केले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ग्लोरिया मार्क यांनी संगणकावर काम करणाऱ्या माणसांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिकत असे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हा काळ सुमारे ४७ सेकंदांवर आल्याचे नोंदविले आहे. सोफी लेरॉय या विदुषींनी २००९ मध्ये दाखविले की, एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला की पहिल्याचा काही अंश मनात मागे राहतो आणि दुसऱ्या कामात तेवढे उणे पडते. २०१७ मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी असेही मांडले की, फोन बंद असून केवळ समोर असला तरी बुद्धीची काही शक्ती त्याच्याकडे न पाहण्यातच खर्च होते. नंतरच्या सर्वच प्रयोगांत हा परिणाम सारख्या प्रमाणात आढळला नाही, तरी अनुभव बहुतेकांना ओळखीचा वाटेल. संदेश वाचावयास अर्धे मिनिट लागते. परंतु तो वाचून परतलेले मन पूर्वीच्या वाक्यावर तत्काळ बसत नाही. गणेशाची अट अर्ध्या मिनिटापुरती मोडत नाही. ती मोडली की लेखनाचा धागाच तुटतो.

आता कोणी म्हणेल, धागा तुटला तर तुटला, पुन्हा जोडता येईल. एवढी चिंता कशाला? याचे उत्तर आपल्या ग्रंथपरंपरेच्या इतिहासातच आहे. श्रीज्ञानेश्वरमहाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे येथे गीतेवरील भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. सुमारे ९००० ओव्यांचा हा ग्रंथ पुढे हातोहात उतरविला गेला. त्या काळी छापखाना नव्हता. प्रत्येक प्रत कोणीतरी बसून लिहिली. लिहिताना कोणाचा डोळा ढळला आणि एक ओळ गळली. एकच शब्द दोन ओळींत आला म्हणून कोणी पहिल्यावरून दुसऱ्यावर उतरला. कोणाला जुना शब्द उमजला नाही, त्याने ओळखीचा शब्द घातला. तीनशे वर्षांत असे इतके पाठभेद साचले की श्रीएकनाथमहाराजांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, अनेक प्रती जमवून ग्रंथाचे शुद्धीकरण करावे लागले. एकेका लेखकाचे क्षणभराचे अनवधान दूर करावयास नाथांसारखा महापुरुष लागला.

महाभारताचीही तीच कथा. चिकित्सक आवृत्तीचे काम पुण्यात १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १२५९ हस्तलिखितांचा उपयोग करण्यात आला. आदिपर्वाचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ मध्ये दिवंगत झाले. इतरांनी काम पुढे चालविले. जवळजवळ अर्धशतकभर विद्वानांच्या पिढ्या एकेका श्लोकाचे शब्द ताडून पाहत राहिल्या. अनवधानाचे ऋण फेडावयास किती अवधान लागते, याचे हे उदाहरण आहे.

आता आजची स्थिती पाहावी. संतांच्या नावावर खपविलेल्या ओव्या आणि अभंग फोनवरून सर्वत्र फिरत असतात. श्रीतुकोबारायांची म्हणून येणारी रचना गाथेत सापडत नाही. श्रीसमर्थांची म्हणून येणारी ओवी दासबोधात नसते. पाठविणारा वाईट हेतूने पाठवीत नाही. तो स्वयंपाकघरात किंवा बसथांब्यावर उभा असतो, अर्धे वाचतो, हात जोडतो आणि पुढे धाडतो. जुन्या लेखकाची चूक एका प्रतीतून दुसऱ्या प्रतीत जावयास महिने लागत. ही चूक दुपारपर्यंत हजार घरांत पोहोचते. त्यातच लिहिताना पुढचा शब्द यंत्र स्वतःच सुचविते आणि लिहिणारा तो मुकाट्याने पत्करतो. अर्थ उमजल्याशिवाय अक्षर लिहू नये ही व्यासांची अट येथे पूर्णपणे सुटली.

आपल्या सीमाभागात ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९५६ मध्ये हैदराबाद राज्य विसर्जित झाले. किनवट आणि राजुऱ्याचा भाग मराठी मुलखाला जोडला गेला व आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. अशा ठिकाणी मराठी अक्षर तीन आधारांवर टिकले: घरची पत्रे, जमाखर्चाच्या वह्या आणि पोथी. पत्रे फोनने गिळली, वह्याही बहुतेक गेल्या. उरली ती पोथी. मराठी बोलणारे मूल तेलुगू आणि इंग्रजी लिहावयास शिकते, हे चांगलेच आहे. परंतु घरात कोणी बसून मराठी लिहिताना त्याच्या दृष्टीसच पडले नाही, तर आजोबांची पोथी त्याला केवळ पूजेची वस्तू होईल. ती वाचली जाणार नाही. म्हणून एकाग्र लेखनाचा प्रश्न हा केवळ ग्रंथकारांचा नाही, तो घराघरातील वारशाचा आहे.

मग उपाय कोणता? येथे एक शंका प्रथम दूर करावी. एकाग्रतेसाठी अरण्यच पाहिजे असे नाही. ज्ञानेश्वरी एकांतात सांगितली गेली नाही. नेवाशास श्रोत्यांचा समुदाय समोर होता. तरी सच्चिदानंदबाबांची लेखणी ढळली नाही, कारण सारा समुदाय एकाच विषयाकडे कान लावून होता. आवाज हा खरा विक्षेप नव्हे. दुसऱ्या दिशेची हाक हा विक्षेप होय. भागवताच्या एकादश स्कंधात बाण घडविणाऱ्या कारागिराचा दृष्टान्त आहे. राजाची स्वारी वाजतगाजत शेजारून गेली, तरी त्याला कळले नाही. बाजाराच्या दिवशी गलबल्यात बसूनही लिहिता येते. हातातल्या हाकेजवळ बसून लिहिता येत नाही.

श्रीसमर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेसाठी दिला आहे. दोनशे समासांच्या ग्रंथात ब्रह्मनिरूपणाबरोबर अक्षर कसे काढावे याला स्थान मिळावे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अक्षर वाटोळे आणि सुटे असावे. ओळी सरळ असाव्यात. पानाच्या कडेला जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर झिजणार नाही. तारुण्यात बारीक अक्षर लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही. आणि ग्रंथाच्या आरंभी जसे अक्षर असेल तसेच अखेरीस असावे, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. लेखण्या, चाकू, शाई, कागद ही सामग्री जमवून ठेवण्याविषयीही समर्थांनी सांगितले आहे.

यातील दोन गोष्टींचे रहस्य विशेष आहे. पहिली, आरंभापासून अखेरपर्यंत अक्षर सारखे राखणे. हाताने लिहिलेले अक्षर हे मनाचे साक्षी असते. मन ढळले की अक्षर वाकते, ओळ चढते किंवा उतरते, आणि लिहिणाऱ्याला आपली चूक स्वतःच्याच पानावर दिसते. यंत्रावर प्रत्येक अक्षर सारखेच उमटते. मन कोठे भटकले याची खूणच राहत नाही. म्हणून एकाग्रतेचा अभ्यास ज्याला करावयाचा आहे त्याने आधी कागदावर लिहावे, हे बरे. दुसरी गोष्ट, सामग्री आधी सिद्ध करणे. सर्व काही हाताशी असले की उठावे लागत नाही, आणि उठणे टळले की ढळण्याचे निमित्त टळते. मनाला आवरण्याचा पण करून बसण्यापेक्षा आसन असे मांडावे की मनाला ढळावयाचे कारणच कमी राहील. जुन्यांनी मनोजयाची वाट आसनापासून सुरू केली, ती ह्याच अनुभवाने.

ह्या तत्त्वाला धरून गृहस्थाश्रमी भक्तांना पाळता येईल असा नेम सांगता येतो. दिवसातील एक ठरावीक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, लेखनाला द्यावी. पहाटेची मिळाली तर उत्तम. बसण्यापूर्वी वही, लेखणी, चष्मा, पाण्याचे भांडे आणि मूळ ग्रंथ जवळ घ्यावा. फोन केवळ उलटा ठेवून भागत नाही. तो दुसऱ्या खोलीत ठेवावा. लिहिता लिहिता एखादे काम आठवले तर उठू नये. शेजारच्या कागदावर एका शब्दात टिपून पुन्हा ओळीवर यावे. शब्दाचा अर्थ अडला तर त्याखाली खूण करावी आणि कोश लेखनानंतर पाहावा. घटका संपताच, मजकूर थोडा झाला तरी, थांबावे. शेवटी लिहिलेले मुळाशी ताडून पाहावे. ताडून पाहिल्याशिवाय लेखन पूर्ण झाले असे मानू नये.

सर्वांनाच फोन दूर ठेवता येतो असे नाही, याचीही जाणीव ठेवली पाहिजे. कापसाच्या हंगामात शेतकऱ्याला भावाची वार्ता हवी असते. ज्या माउलीचा मुलगा हैदराबादेस नोकरीस आहे, किंवा ज्या घरात रुग्ण आहे, त्यांना घंटा बंद ठेवा असे सांगणे निर्दयपणाचे होईल. त्यांनी फोनची घंटा चालू ठेवून तो दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि इतर सर्व सूचना बंद कराव्यात. ज्याला खरोखर गरज आहे तो बोलावयासाठी घंटा वाजवील. बाकीचे संदेश घटकाभर थांबले म्हणून कोणाचे काही अडत नाही. कुटुंबीयांना आपली लेखनाची वेळ सांगून ठेवावी. स्नानसंध्येच्या वेळी आपल्याकडे कोणी हाक मारीत नाही. तोच मान लेखनाच्या घटकेला मिळवून द्यावा.

यावरून यंत्र हे शत्रूच आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. भारत सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन स्थापन केले, आणि हस्तलिखितांची यंत्राने छायाचित्रे घेण्याचे मोठे कार्य सुरू झाले. वाळवीने व ओलाव्याने जी पाने नष्ट झाली असती ती अशा चित्रांमुळे सुरक्षित राहू शकतात. घरातील जुन्या पोथीचे प्रत्येक पान फोनने टिपून ठेवणे हेही पुण्यकर्मच होय. दूरदेशी असलेल्या मराठी कुटुंबाला ग्रंथ क्षणात पाठविता येतो. यंत्राने जपावे, यंत्राने पोहोचवावे. परंतु पोथी डोळ्यांसमोरून, बुद्धीतून आणि हातातून जावयाची तेव्हा मध्ये दुसऱ्या कोणाची हाक नसावी. ज्या अग्नीवर नैवेद्य शिजतो त्याला आपण चुलीच्या बाहेर पसरू देत नाही, तितकीच ही मर्यादा आहे.

श्रीमठाच्या ह्या वर्धापनवर्षात प्रत्येक भक्तकुटुंबाने एक संकल्प करावा. दासबोधातील एक समास, ज्ञानेश्वरीतील एखादे प्रकरण, किंवा तेलुगू घरांनी पोतनामात्यांच्या भागवतातील एखादी कथा स्वहस्ताने उतरावी. ती मुळाशी दोनदा ताडावी आणि अखेरीस तिथी, वार व गावाचे नाव घालावे. घरातील एका मुलाला शेजारी बसवून काही ओळी त्याच्याकडूनही लिहवून घ्याव्यात. आणि संतांच्या नावाने आलेला कोणताही मजकूर ग्रंथात पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये. संकल्प लहान आहे. परंतु नित्य पाळला तर लेखणी खंडित होणार नाही, आणि न उमजलेले अक्षर आपल्या हातून पुढे जाणार नाही.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखक वाचकांना विनवीत असत की, पाठ आणि मान मोडून हे कष्टाने लिहिले आहे, तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून ते जपावे. त्या अज्ञात लेखकांच्या कष्टामुळेच संतांची वाणी आपल्यापर्यंत आली. तिच्यातील एकही अक्षर आपल्या अनवधानाने बिघडू नये, एवढे सामर्थ्य श्रीज्ञानसरस्वती आणि सद्गुरुमाउली सर्वांना देवोत, ही त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीसद्गुरुचरणार्पणमस्तु ॥